जुनी ऑफ-रोडर की नवी पिकअप? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी फोर बाय फोर मी बरीच वर्षं वापरली, अजूनही वापरतो. तिच्या शेजारी आता एक नवी डबल-कॅब पिकअपही उभी असते. त्यामुळे 'यातली कोणती घेऊ?' हे मला इतक्या जणांनी विचारलं आहे की उत्तरं एकदाची लिहून ठेवलेली बरी. 'जुनी' म्हणजे इथे साधारण १९८० ते २००० या काळातली, शिडीसारख्या चॅसिसवरची, लो रेंज (गाडी खूप हळू पण जास्त जोराने चालवणारे जादा गिअर) असलेली गाडी. 'नवी पिकअप' म्हणजे गेल्या दहा वर्षांतली, चार दारांची, मागे हौदा असलेली डिझेल फोर बाय फोर.

या दोघींची तुलना मुळात होऊ शकते का?

होऊ शकते, कारण हाडं सारखीच आहेत. दोघींनाही शिडीची चॅसिस, दोघींनाही लो रेंजचा ट्रान्सफर केस (जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलला देणारी गिअरची पेटी), दोघींचा मागचा ॲक्सल बहुतेक वेळा अखंड, म्हणजे दोन्ही चाकं एकाच सलग दांड्याला. फरक आहे तो हेतूत. जुनी गाडी वाट नसलेल्या ठिकाणी जाण्यासाठी बनली आणि रस्त्यावर ती कशीबशी निभावून नेते. पिकअप ओझं वाहण्यासाठी बनली आणि जाता जाता वाटेबाहेरही उतरते.

मात्र लोक तुलना करतात ती भलतीच. एका बाजूला मोठे टायर, उंच स्प्रिंगा आणि विंच (तार गुंडाळत रुतलेली गाडी ओढणारं यंत्र) लावलेली जुनी गाडी, तर दुसऱ्या बाजूला शोरूममधून काल आलेली, गुळगुळीत टायरांची पिकअप. मग चिखलात पिकअप रुतली की 'बघा, आता गाड्यांत दम राहिला नाही!' तेच टायर तिला लावा आणि मग बोला.

(आपल्याकडे 'गाडीला पिकअप आहे' म्हणजे ती झटकन पळते. त्या अर्थाने जुन्या गाडीला पिकअप अजिबात नाही. या पानावर तो शब्द मी फक्त गाडीच्या प्रकारासाठी वापरला आहे.)

खडबडीत वाटेवर कोण पुढे?

लांबी आखूड असेल ती. बाकीचं नंतर.

पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, आधी बघा. जुनी लँड रोव्हर डिफेंडर ९० घेतली तर ते २३६० मिलिमीटर आहे. सुझुकी जिम्नीच्या तीन दारांच्या गाडीत २२५०. टोयोटाच्या ८० सिरीज लँड क्रूझरसारख्या मोठ्या जुन्या गाडीतही २८५०च. पिकअपकडे या: २०१५ पासूनची हायलक्स ३०८५, फोर्डची २०२२ नंतरची रेंजर ३२७०.

आता एखादा उंचवटा ओलांडताना पोट टेकणार की नाही, याचा ढोबळ हिशेब करू. दोन्ही गाड्यांच्या पोटाखाली २३० मिलिमीटर जागा आहे असं धरा. २३६० च्या व्हीलबेसला साधारण २२ अंशांचा उंचवटा पार होतो. ३२७० च्या व्हीलबेसला १६ अंशांचा. पिकअपलाही २२ अंश हवे असतील तर पोट जमिनीपासून ३२० मिलिमीटरवर न्यावं लागेल, म्हणजे आणखी नऊ सेंटिमीटर वर. नुसत्या उंच स्प्रिंगांनी एवढी उंची गाठायला गेलात तर ड्राइव्ह शाफ्टचे कोन बिघडतात आणि गाडी वळणावर झुलायला लागते.

त्यात पिकअपचं मागचं शेपूट. मागच्या चाकाच्या पुष्कळ मागे हौदा येतो, त्यामुळे ओढ्यातून वर चढताना पुढची चाकं निघून जातात आणि मागचा बंपर किंवा टोचनाचा हुक माती नांगरत येतो. मला हा आवाज चांगला ओळखू येतो. नांगरटीचा आवाज थांबला की समजावं, हुकात दगड अडकला.

उलट बाजूही आहे. लांब, सरळ चढावर लांब गाडी जास्त स्थिर असते. आखूड गाडी मोठ्या पायऱ्यांवर घोड्यासारखी उड्या मारते आणि मागे कलंडण्याची भीती असते. त्यामुळे दगडांच्या अरुंद वाटा हे जुनीचं राज्य, आणि मोकळं माळरान, वाळू, लांब घसरडे चढ इथे पिकअप कमी पडत नाही.

पुढचा अखंड ॲक्सल असण्याने एवढा काय फरक पडतो?

जुन्या गाड्यांत (८० सिरीज लँड क्रूझर, निसान पेट्रोल वाय ६१, जुनी डिफेंडर, जीप रँग्लर) पुढेही अखंड ॲक्सल असतो. एक चाक दगडावर वर गेलं की ॲक्सल काठीसारखा कलतो आणि दुसरं चाक खाली दाबलं जातं, म्हणजे जमीन सोडत नाही. मधला डिफरन्शियलचा गोळाही (जोर दोन चाकांत वाटणारे गिअर त्यात असतात) जमिनीपासून ठरावीक उंचीवर राहतो, कारण तो चाकांनाच बांधलेला आहे.

पिकअपला पुढे बहुतेक वेळा स्वतंत्र सस्पेन्शन असतं. तिथे डिफरन्शियल चॅसिसला टांगलेलं. स्प्रिंग दबली, की तेही खाली येतं आणि नेमकं तेव्हाच दगडाला भेटतं. पण याच सस्पेन्शनमुळे पिकअप वेगात सरळ जाते. अखंड ॲक्सलच्या जुन्या गाडीत एखादा बुश (सांध्यातलं रबर) ढिला झाला की ठरावीक वेगाला खड्डा लागताच स्टिअरिंग हातात थडथडायला लागतं. ज्याने ते एकदा अनुभवलं तो बुश बदलायचं टाळत नाही.

अपवाद हवाच असेल तर जीप ग्लॅडिएटर. पिकअप असूनही पुढे-मागे दोन्ही ॲक्सल अखंड. पण तिचा व्हीलबेस जवळपास साडेतीन मीटर आहे, त्यामुळे वरचा हिशेब तिला आणखी जोरात लागू होतो.

नव्या गाडीतलं ट्रॅक्शन कंट्रोल चांगलं की जुनं डिफ लॉक?

साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक हवेत गेलं की त्याला फिरायला जोर लागतच नाही, म्हणून दुसऱ्यालाही मिळत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल त्या मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं, म्हणजे जोर दुसरीकडे जातो. डिफ लॉक दोन्ही चाकं सरळ एकमेकांना बांधून टाकतं.

पहिल्यात आधी चाक थोडं फिरावं लागतं, मगच यंत्रणा जागी होते. दगडावर, अगदी हळू जाताना तेवढं फिरणंसुद्धा नको असतं. चिखलाच्या मोकळ्या वाटेवर मात्र आजचं ट्रॅक्शन कंट्रोल इतकं हुशार आहे की नवशिक्या चालकही पार होतो. शिवाय आता बऱ्याच पिकअपला मागे डिफ लॉकही मिळतं.

एक गैरसमज खोडून काढतो: प्रत्येक जुन्या गाडीला डिफ लॉक असतं असं मुळीच नाही. बहुसंख्य जुन्या गाड्यांत पुढे-मागे दोन्हीकडे साधी डिफरन्शियलच असतात. पुढचं, मधलं आणि मागचं अशी तिन्ही लॉक हवी असतील तर मर्सिडीजची जी-क्लास किंवा निवडक लँड क्रूझर शोधाव्या लागतील.

लो रेंज दोघींत सारखीच का?

जवळपास. दोन्हीकडे वेग साधारण अडीच पट कमी होतो आणि जोर तितकाच वाढतो. २००३ मध्ये आलेल्या रँग्लर रुबिकॉनमध्ये ती चार पट होती, म्हणून ती दगडांवर चालायच्या वेगापेक्षाही हळू सरपटते. ऑटोमॅटिक पिकअपमध्ये टॉर्क कन्व्हर्टर मदतीला येतो, त्यामुळे आकडा कमी दिसला तरी चढावर फार बिघडत नाही. उतारावर मात्र मॅन्युअलचा पहिला लो गिअर टाकून पाय बाजूला घ्यावा, तसा शांतपणा दुसऱ्या कशात नाही.

दोघींनाही लागू असलेली एक गोष्ट: मधलं डिफरन्शियल नसलेली फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावून वळू नका. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, ताण कुठे तरी साठतो आणि शेवटी क्रॉस (शाफ्टचा सांधा) किंवा गिअर तुटतो.

इंजिन कोणाचं चांगलं?

आकड्यांत नव्याचं, यात वादच नाही. टोयोटाचं जुनं ४.२ लिटरचं, सहा सिलिंडरचं, टर्बो नसलेलं वन-एच-झेड घ्या: साधारण १३० अश्वशक्ती, २८५ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क. तिथेच हायलक्सचं २.८ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन २०४ अश्वशक्ती आणि ५०० न्यूटन-मीटर देतं. आकार दोन-तृतीयांश, जोर पावणेदोन पट. ॲव्हरेजही तसंच. मोठी जुनी डिझेल गाडी लिटरला सात-आठ किलोमीटर, पिकअप रिकामी असेल तर दहा-बारा.

पण चालवताना जाणवतं ते वेगळं. जुनं मोठं इंजिन आयडलिंगलाच ओढायला लागतं. क्लच सोडा, पाय ॲक्सिलरेटरवर ठेवूच नका, गाडी आपली घुर्र घुर्र करत चढते. नव्या इंजिनाचा पूर्ण टॉर्क १६०० आरपीएमच्या आसपास जागा होतो. त्याच्या खाली टर्बो झोपलेला, आणि जागा झाला की एकदम. दगडांवर हा 'एकदम' त्रास देतो.

दुसरा फरक डिझेलच्या दर्जाचा. पिकअपच्या नव्या, कॉमन-रेल इंजिनात डिझेल २००० बारच्या घरातल्या दाबाने इंजेक्टरमध्ये जातं. तिथल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजतात. डिझेलात पाणी किंवा कचरा आला तर इंजेक्टर गेले, पंपही गेला, आणि त्याचे धातूचे कण टाकीपर्यंत फिरले. जुना मेकॅनिकल पंपही पाण्याने खराब होतो, पण तो आधी खोकतो, धूर मारतो, वेळ देतो. दूरवर कॅनमधून डिझेल भरायची वेळ येत असेल तर पिकअपला जास्तीचा वॉटर सेपरेटर बसवा. हा सल्ला ऐच्छिक समजू नका.

जुनी इंजिनं अमर असतात ही दंतकथा आहे. ८० सिरीजमधल्या सुरुवातीच्या टर्बो डिझेलच्या कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगा झिजतात हे जाणकारांना ठाऊक आहे, आणि घेतल्या घेतल्या ते तपासून बदलतात. नाव मोठं म्हणून बेरिंग तपासायचं राहू देऊ नका.

डीपीएफ आणि ॲडब्लूची भीती खरी आहे का?

अर्धी खरी. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी पकडणारी जाळी. ती भरली की इंजिन जास्त डिझेल टाकून तिला सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतं आणि काजळी जाळतं. यासाठी थोडा वेळ सलग वेगात चालणं लागतं. दिवसभर लो रेंजमध्ये रांगणाऱ्या गाडीला ते मिळत नाही. उपाय साधा: परतताना वीसेक मिनिटं डांबरावर नीट चालवा आणि जळण चालू असताना इंजिन बंद करू नका. वाळलेल्या उंच गवतात मात्र गाडी उभी करू नका. गवत सायलेन्सरभोवती गुंडाळलेलं असेल तर आग लागते. रात्री मुक्कामाला पोचल्यावर गाडीखाली बॅटरी मारून गवत उपसणं ही माझी सवयच झाली आहे.

ॲडब्लू म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचा, पाण्यातला ३२.५ टक्के युरिया. तो संपला तर इंजिन बंद केल्यावर परत सुरू होत नाही, आणि उणे ११ अंशांला तो गोठतो. लांब जायचं तर एक कॅन जवळ ठेवा. झालं.

'जुनी गाडी कुठेही दुरुस्त होते' हे खरं आहे का?

होते. पण ती कुठेही बंदही पडते, हे सांगायचं लोक विसरतात.

दोन प्रसंग सांगतो. पहिला जुन्या गाडीचा. चढावर बॉनेटमधून वाफ, रेडिएटरचा खालचा होज क्लिपपाशी चिरलेला. थंड होऊ दिलं, चिरलेला दोन बोटांचा तुकडा कापून टाकला, उरलेला होज ओढून परत चढवला, क्लिप आवळली, पाणी भरलं. पाऊण तास, त्यातला अर्धा तास नुसता वाफ निवायची वाट बघण्यात. हत्यारं: चाकू आणि स्क्रू ड्रायव्हर. त्याच प्रवासात संध्याकाळी ब्रेकचा बूस्टर गेला आणि उतारावरून खाली येईपर्यंत उजव्या पोटरीत गोळा आला.

दुसरा पिकअपचा. अशाच एका चढावर डॅशबोर्डवर एकदम पाच दिवे लागले. ट्रॅक्शन कंट्रोल बंद, उतारावरचं नियंत्रण बंद, एबीएस बंद, इंजिनही जोर देईना. गाडी धडधाकट, पण हात बांधून उभी. खिशातला छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा) लावला तेव्हा कळलं, मागच्या डाव्या चाकाचा वेगाचा सेन्सर बोलत नाही. खाली वाकून पाहिलं तर एका काटकीने वायर ओढून कनेक्टर अर्धा बाहेर काढला होता. आत ढकलला, 'टक्' झालं, वर टेप गुंडाळली, कोड पुसला. दहा मिनिटं. स्कॅनर नसता तर टोचन करून आणावी लागली असती.

म्हणजे प्रश्न 'कोणती दुरुस्त होते' हा नाहीच. तुमच्याकडे कोणतं ज्ञान आहे आणि कोणती पिशवी आहे, हा आहे. जुनीसाठी होज, बेल्ट, क्लिपा, पाने, तार, ग्रीस, आणि ऐकू येणारे कान. पिकअपसाठी स्कॅनर, फ्यूज, टेप, कॉन्टॅक्ट क्लीनर, आणि सर्किट वाचायची थोडी समज. जुनी गाडी घेऊन हाताला काळं लागू द्यायचं नसेल तर तिचा नाद सोडा.

जुनी बघायला गेलो तर सगळ्यात आधी काय तपासू?

चॅसिस. इंजिन नंतर, रंग सगळ्यात शेवटी.

लहान हातोडी न्या आणि चॅसिसवर पुढून मागे ठोकत जा. चांगला पत्रा 'टण्, टण्, टण्' बोलतो. मागच्या पाट्याच्या हँगरपाशी आलात की कान द्या, कारण चॅसिसच्या पेटीसारख्या पोकळीत चिखल साचतो आणि आतून गंज खातो. बाहेरून नवा काळा रंग चकचकतोय आणि आवाज 'ठप्' आला, तर स्क्रू ड्रायव्हर टोचा. मी एकदा असा टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. विकणारा म्हणाला, 'जरासं वेल्डिंग लागेल.' मी स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढला, सोबत मूठभर तांबडी पापुद्री आली, आणि मी निघालो.

इंजिनकाम होतं, गिअरबॉक्स उतरतो, दरवाजे मिळतात. चॅसिस गेली तर गाडी गेली.

त्यानंतर: थंड इंजिन स्वतः सुरू करून बघा (तुम्ही पोचायच्या आधीच ते तापवून ठेवलेलं असेल तर विचारा का), डिफरन्शियलचं तेल थेंबभर काढून रंग बघा, स्टिअरिंगचा ढिलेपणा, आणि लो रेंज खरोखर पडते का. कित्येक गाड्यांत तो लिव्हर वर्षानुवर्षं कुणी हलवलेलाच नसतो.

आणि वापरलेली पिकअप बघताना?

तिने काय वाहिलं ते. हौद्याच्या तळाचे ओरखडे, सरळ किंवा उलटे वाकलेले पाटे, टोचनाच्या हुकाची झीज. मग लांब उभे राहून बाजूने बघा. केबिन आणि हौदा यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर अरुंद आणि खाली रुंद, किंवा उलट दिसली तर चॅसिस वाकली असण्याचा संशय घ्या.

नवीन पिकअपची चॅसिस वाकते? कशी काय?

ओझं मागे टांगल्याने. समजा व्हीलबेस ३.२ मीटर आहे आणि मागच्या ॲक्सलच्या एक मीटर मागे तुम्ही २०० किलो ठेवले. मागच्या ॲक्सलवर २०० नाही, २६२ किलो येतात, आणि पुढचा ॲक्सल ६२ किलोंनी हलका होतो. गाडी नाक वर करून चालते, स्टिअरिंग पोकळ लागतं. मग कुणी तरी सुचवतो, 'मागे एअरबॅग टाक, गाडी सरळ होईल.' (अपघातातली एअरबॅग नव्हे, पाट्याला आधार देणारी हवेची पिशवी.) गाडी दिसायला सरळ होते, पण जे ओझं पाट्याच्या दोन टोकांवर वाटलं जायचं ते आता ॲक्सलच्या वर, चॅसिसवर एकाच ठिकाणी येतं. वेगात एक खोल खड्डा लागला, की केबिनमागे चॅसिस काटकोनी नाही, पण ओळखू येईल इतकी वाकते.

जड सामान ॲक्सलच्या पुढे, केबिनला चिकटून ठेवा. स्टेपनी, पाणी, हत्यारं सगळं पुढे. तंबू-अंथरूण मागे.

पिकअप एक टन वाहते, मग ओझ्याची चिंता कशाला?

कारण तो टन कधी संपतो ते कळत नाही. कागदावर मांडून बघा:

चार मोठी माणसं ३०० किलो. हौद्यावरचं छत ७०. लोखंडी बंपर आणि विंच १००. टपावरचा तंबू ६०. ड्रॉवर आणि फ्रिज १००. साठ लिटर पाणी म्हणजे ६०. हत्यारं, जॅक, दुसरी स्टेपनी ६०. चाळीस लिटर जास्तीचं डिझेल ३४. सामानाच्या बॅगा ८०.

झाले ८६४ किलो, आणि अजून खाण्यापिण्याचं काही भरलेलं नाही. जुन्या मोठ्या गाडीला हीच मर्यादा सहा-सातशे किलोंच्या आसपास असते, म्हणजे ती याआधीच ओलांडली. लोक तसेच भरून निघतात आणि मग ब्रेक लागत नाहीत म्हणून गाडीला नावं ठेवतात. वजनकाट्यावर गाडी एकदा चढवा. मी चढवली तेव्हा आकडा बघून टपावरचं निम्मं सामान कायमचं काढून टाकलं.

पाण्यातून कोण चांगलं जातं?

इथे धक्का बसतो. रेंजर अधिकृतपणे ८०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, जुन्या डिफेंडरचा अधिकृत आकडा ५०० होता. जुनी गाडी त्याहून खोल जायची, पण ती मालकाच्या हिमतीवर.

जुनीच्या केबिनमध्ये पाणी शिरलं तरी इंजिन चालतं, कारण पंप मेकॅनिकल, विजेची फारशी गरज नाही. नवीत दारातून पाणी आत आलं आणि सीटखालच्या कनेक्टरला लागलं तर पुढचे सहा महिने भुताटकी. पण एक गोष्ट दोघींची सारखी: तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. ब्रीदरची (डिफरन्शियलमधली हवा आत-बाहेर करणारी) नळी वर, बॉनेटपर्यंत न्या. घरी आल्यावर डिफरन्शियलचं तेल दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदला.

घरच्यांना घेऊन फिरायला कोणती सुरक्षित?

पिकअप. यात मला तडजोड मान्य नाही.

१९९० च्या दशकातल्या बहुतेक जुन्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल नाही, अनेकींत एबीएस किंवा एअरबॅगही नाहीत. युरोपीय संघाने २०१४ च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक नव्या गाडीला स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचं केलं, अमेरिकेने २०१२ च्या मॉडेलांपासून. उंच, जड गाडी अचानक वळवावी लागली तर उलटणं आणि सावरणं यातला फरक बहुधा हाच असतो. 'जुना पत्रा जाड, म्हणून सुरक्षित' हे ऐकलं की मला हसू येत नाही. पत्रा वाकला नाही तर धक्का आतल्या माणसाला बसतो.

जुन्या गाड्यांच्या मागे समोरासमोर बाकडी असतात, बेल्ट नसलेली. त्यावर पोरांना बसवू नका, कितीही हट्ट केला तरी.

पिकअपचंही एक सांगतो. रिकाम्या हौद्याने मागची चाकं हलकी असतात. ओल्या वळणावर शेपूट सुटतं. स्टॅबिलिटी कंट्रोल ते पकडतं, म्हणून ते बंद करायचं बटण वाळू-चिखल सोडून कुठेही दाबू नका.

रोजच्या वापराला?

पिकअप, पार्किंग सोडून. सव्वापाच मीटरहून लांब गाडी वळवायला सोपी नसते, आणि मागच्या सीटची पाठ अनेकदा ताठ असते. जुनीत आवाज, उष्णता, डिझेलचा वास. एका तासाने सवय होते, चौथ्या तासाला जाते.

गाडीतच झोपायचं असेल तर?

डबल-कॅबचा हौदा साधारण दीड मीटर लांब. फाळका बंद करून सरळ झोपायचं तर तुम्ही शाळकरी असायला हवं. जुन्या लांब गाडीत मागची सीट काढली की मोठा माणूस पाय पसरतो, आणि पावसात बाहेर न पडता पुढे सरकून गाडी चालू करता येते. धुळीचाही फरक आहे. फाळक्याच्या फटीतून हौद्यात धूळ येतेच येते, कितीही रबर लावा.

२००० नंतरची 'जुनी' घेतली तर दोन्हींचे फायदे मिळतील का?

बहुधा दोन्हींचे तोटे. हा मधला काळ चकवणारा आहे. उदाहरणार्थ, टेरेन रिस्पॉन्ससारखी यंत्रणा (वाळू, चिखल, दगड यांपैकी निवडलं की गाडी स्वतः जुळवून घेते) लँड रोव्हरने २००४ मध्ये डिस्कव्हरी ३ बरोबर आणली, सोबत हवेचं सस्पेन्शन. त्या वेळी ते अद्भुत होतं. आज अशा वीस वर्षांच्या गाडीत वायरिंगचं रबर कडक झालेलं, कंप्युटरचे सुटे भाग मिळेनासे झालेले, आणि हातोडीने ठोकून बरं होईल असं काहीच नाही. घ्यायचीच तर त्या मॉडेलचा खास जाणकार मिस्त्री आधी शोधा, गाडी नंतर.

इलेक्ट्रिक पिकअपचं काय?

रिव्हियनची आर-वन-टी २०२१ मध्ये आली, फोर्डची एफ-१५० लाइटनिंग २०२२ मध्ये. दगडांवर तिच्याइतकं मऊ, नेमकं ॲक्सिलरेटर कुठल्याच डिझेलला नाही. परतीचं चार्जिंग कुठे, याचं उत्तर असेल तर जरूर.

घेतल्यावर सगळ्यात आधी खर्च कशावर करू?

टायर, हवा भरायचा पंप आणि प्रेशर गेज. विंच नाही, लाइटांची पट्टी तर नाहीच नाही.

वाळूत ३५ पीएसआयची हवा १८ वर आणा, टायर लांबट पसरतो आणि रुतलेली गाडी बऱ्याचदा आपोआप निघते. डांबरावर येताच परत भरा, कमी हवेत वेगाने गेलात तर टायर तापून फुटतो. मोठ्या टायरचा हिशेबही ध्यानात ठेवा: व्यास दोन इंच वाढला तर अखंड ॲक्सल एक इंचच वर येतो. स्प्रिंगा उंच केल्याने तो अजिबात वर येत नाही, फक्त गाडीचं अंग वर जातं. बदल करण्याआधी तुमच्याकडचे नोंदणीचे आणि विम्याचे नियम बघा.

मग शेवटी कोणती घेऊ?

घरात एकच गाडी असणार असेल तर पिकअप. दुसरी गाडी म्हणून, शनिवारचे हात काळे करायला आवडत असतील आणि वाटा अरुंद असतील तर जुनी. 'जुनी स्वस्तात पडते' म्हणून घेऊ नका. गंज, बुश, सील, रेडिएटर यांचा पहिल्या वर्षाचा हिशेब मांडा आणि मग ठरवा.

तुमच्याकडे दोन्ही आहेत. जास्त कोणती चालते?

किलोमीटर पिकअपचे जास्त, फार जास्त. टोचनाचा हिशेब विचाराल तर पिकअपने जुनीला तीनदा ओढून आणलं आहे: एकदा क्लच प्लेट, एकदा डायनामो, एकदा मीच डिझेल भरायला विसरलो. जुनीने पिकअपला एकदाच. दोन दगडांच्या मधोमध पोट टेकून पिकअप अडकली होती, चारही चाकं हलकी. जुनी त्याच दगडांवरून अलगद पुढे गेली, लो रेंजचा पहिला गिअर, पट्टा ताणला आणि तिला बाहेर काढली. पिकअपच्या पोटाखालच्या प्लेटवर त्याचा हातभर ओरखडा अजून आहे.